कंपनीत माणूस गेला तर केस डायरेक्टरपर्यंत कशी न्यायची

कंपनीत माणूस गेला की साधारण काय होतं ते आधी सांगतो, कारण तिथेच निम्मी केस हातातून जाते. बॉडी सिव्हिलच्या शवागारात असते, घरचे गावाहून निघालेले असतात, आणि एचआरचा एक गोड बोलणारा माणूस तिथे आधीच पोचलेला असतो, ॲम्ब्युलन्सचे पैसे त्यानेच भरलेले असतात, हातात एक पाकीट आणि एक टाइप केलेला कागद असतो आणि त्या कागदात कुठेतरी 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही' हे वाक्य असतंच असतं. तिकडे पोलीस ठाण्यात फार तर ठेकेदाराचं नाहीतर सुपरवायझरचं नाव लिहिलं जातं. मशीनचं गार्ड काढून ठेवा, प्रोडक्शन थांबवू नका, हे ज्याने वरून ठरवलं तो कुठल्याच कागदावर नसतो. नंतर वर्षभराने वकील म्हणतो की डायरेक्टरविरुद्ध मटेरियलच नाही, आणि तो खोटं बोलत नसतो, मटेरियल जमवायचे दिवस निघून गेलेले असतात.

मी वकील नाही, युनियनच्या ऑफिसात अशा फाइली सांभाळतो, त्यामुळे हे वाचून स्वतः कोर्टात उभे राहायला जाऊ नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगार, महिला, एससी-एसटी आणि औद्योगिक आपत्तीतले पीडित यांना तिथे फुकट वकील मिळायचा कायद्याने हक्क आहे, विधवा बायको अर्जदार असली तर उत्पन्नाचा दाखला वगैरे मागायचाही प्रश्न येत नाही.

पहिलं काम म्हणजे तारीख बघा. अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशी जो कायदा होता तोच लागतो. १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर आयपीसी, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएस. डोंबिवलीत अमुदान केमिकल्सचा स्फोट झाला तो २३ मे २०२४ चा, म्हणून ती केस आयपीसीतच. तसंच कारखान्यांसाठी १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी ऑक्युपेशनल सेफ्टीचा कोड आलाय, त्याला पुढे मी नुसता कोड म्हणतो. बऱ्याच जणांच्या तक्रारीत अजून जुनी कलमं लिहिलेली दिसतात, त्याने केस मरत नाही पण समोरच्याला पहिल्याच तारखेला हसायला मिळतं.

आता मुख्य गोष्ट, इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्हीवर एकाच वेळी चालायचं असतं. एक पोलिसांचा, दुसरा फॅक्टरी इन्स्पेक्टरचा, म्हणजे महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ज्याला सगळे डिश म्हणतात. पोलिसांच्या रस्त्यावर शिक्षा मोठी पण डायरेक्टरला जोडणं अवघड, डिशच्या रस्त्यावर डायरेक्टर जवळपास आपोआप सापडतो पण शिक्षा लहान. लोक एकच रस्ता धरतात आणि दुसऱ्याची मुदत घालवतात.

पोलिसांपासून सुरू करू. माणूस गेल्यावर ठाण्यात पहिल्यांदा होते ती अकस्मात मृत्यूची नोंद, एडीआर म्हणतात त्याला, आणि घरच्यांना वाटतं एफआयआर झाली. झालेली नसते. एडीआर म्हणजे मृत्यू कसा झाला याची चौकशी, त्यात आरोपीच नसतो. हवालदार म्हणेल पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट येऊ द्या, मग बघू. थांबू नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, म्हणजे आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. तक्रारीत आरोपी म्हणून काय लिहायचं हे फार महत्त्वाचं आहे. 'कंपनी, तिचे डायरेक्टर, कारखान्याचे ऑक्युपायर व मॅनेजर, ठेकेदार आणि तपासात निष्पन्न होणारे इतर' असं लिहा. ऑक्युपायर म्हणजे कायद्याने कारखान्याचा ताबा ज्याच्याकडे धरला जातो तो, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. नावं माहीत नसली तरी पद लिहा. पोलीस म्हणतील 'डायरेक्टर मुंबईत बसतो, त्याचा काय संबंध', तर संबंध काय ते शोधणं हाच तपास असतो असं शांतपणे सांगायचं, भांडायचं नाही. एफआयआर झाली की कॉपी फुकट मिळते, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा नवीन कायदा, त्याच्या १७३(२) मध्ये लिहिलंय. नाहीच घेतली तर १७३(४) प्रमाणे एसपी किंवा कमिशनरला पोस्टाने तक्रार, तिथेही काही नाही तर १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. हे एकामागून एकच करावं लागतं, एसपीला पाठवल्याचा पुरावा नसेल तर मॅजिस्ट्रेट अर्ज परत पाठवतो.

कलम कुठलं लागतं यावर पुढचं सगळं ठरतं. बीएनएस १०६(१) म्हणजे हलगर्जीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीनपात्र, म्हणजे साहेब संध्याकाळपर्यंत घरी. बीएनएस १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध, यात माहीत असताना केलं असं दाखवता आलं तर दहा वर्षांपर्यंत, अजामीनपात्र आणि केस सेशन्स कोर्टात. फरक एका शब्दाचा आहे, 'माहीत होतं'. गार्ड नव्हतं हे हलगर्जी. गार्ड नाही म्हणून गेल्या महिन्यात दोन बोटं गेली होती, मेंटेनन्सने ईमेल केला होता, आणि तरी मशीन चालू ठेवलं, हे माहीत असणं. डोंबिवलीत पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचंच कलम लावून मालकाला अटक केली होती. आणि उलटी बाजू बघायची तर भोपाळ बघा. १९८४ ची गॅस, १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधाचा आरोप खाली आणून हलगर्जीचा केला, आणि जून २०१० ला निकाल लागला तेव्हा केशुब महिंद्रा धरून सात जणांना दोन दोन वर्षं, कारण आयपीसीच्या ३०४ए मध्ये, म्हणजे हलगर्जीने मृत्यूच्या जुन्या कलमात, जास्तीत जास्त तेवढीच होती. पंचवीस वर्षं झाल्यावर दोन वर्षं. कलम पहिल्या आठवड्यात नीट लागलं का हे बघायला मी का सांगतो ते यावरून कळेल.

आता अवघड भाग. नुसता डायरेक्टर आहे म्हणून फौजदारी गुन्ह्यात तो आरोपी होत नाही. सुप्रीम कोर्टाने हे बरेचदा सांगितलंय, २०१५ च्या सुनील भारती मित्तल विरुद्ध सीबीआय या निकालात तर अगदी स्वच्छ, की एकतर त्या माणसाचा स्वतःचा सहभाग आणि हेतू दाखवणारा पुरावा पाहिजे, नाहीतर कायद्यातच डायरेक्टरला जबाबदार धरणारं कलम पाहिजे. बीएनएसमध्ये तसं कलम नाही. म्हणून 'कंपनी त्याची आहे' हा युक्तिवाद हायकोर्टात पाच मिनिटं टिकत नाही, मला स्वतःला हे पटत नाही पण कायदा आज असा आहे.

दुसरी अडचण कार्यकारणाची, आणि ती आपल्या मुंबईतलीच आहे. कुर्बान हुसेन विरुद्ध महाराष्ट्र सरकार, १९६५ च्या रिपोर्टात छापलेला सुप्रीम कोर्टाचा निकाल. रंगाचा कारखाना, लायसन्स थंड प्रक्रियेचं, आणि आत बर्नर लावून बिट्युमेन वितळवत होते, एका कामगाराने त्यात टर्पेंटाइन टाकलं, आग लागली, सात कामगार जळून गेले. वाटेल की सरळ केस आहे. पण कोर्टाने ३०४ए मधून भागीदार-मॅनेजरला सोडलं, आग हाताळण्यातल्या हलगर्जीची शिक्षा तेवढी कायम ठेवली, कारण काय तर मृत्यूचं थेट, लगतचं कारण म्हणजे त्या कामगाराने टर्पेंटाइन टाकणं. हा निकाल आजही प्रत्येक बचावाचा वकील खिशात घेऊन येतो. म्हणून जबाब देताना 'कंपनीत सेफ्टीच नव्हती' असं ढोबळ बोलू नका. साखळी सांगा. कोणती वस्तू नव्हती, ती असती तर काय झालं असतं, ती का नव्हती, ती मागितली कोणी आणि नाही कोणी म्हटलं. 'टँकमध्ये उतरायच्या आधी गॅस टेस्ट करायला मीटर लागतो, मीटर बंद होता, नवीन घ्यायची पर्चेस रिक्वेस्ट वर गेली होती, ती पास झाली नाही, म्हणून टेस्ट न करता माणूस उतरला आणि गुदमरला.' या एका वाक्यात डायरेक्टर येतो, आधीच्या ढोबळ वाक्यात येत नाही.

हे कागद कुठून आणायचे? सगळ्यात आधी सोबतच्या कामगारांकडून, आणि लवकर, कारण पंधरा दिवसांत निम्मे ठेकेदाराचे पोरं दुसऱ्या साइटवर नाहीतर यूपी-बिहारला परत गेलेले असतात. त्यांचे नंबर घ्या, गावचे पत्ते घ्या, मॅजिस्ट्रेटसमोर जबाब नोंदवायची मागणी तपास अधिकाऱ्याकडे लेखी करा. शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यात 'आजच डिस्पॅच झालंच पाहिजे' टाइपचे मेसेज आणि बिघाडाचे फोटो असतात. ते फॉरवर्ड करून भागत नाही, मूळ फोन जपून ठेवा, डिलीट काही करू नका, कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं ते वकील करून देईल. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत स्वतःवरच रेकॉर्ड होऊन पुसलं जातं, म्हणून तक्रारीसोबतच वेगळं पत्र द्या की डीव्हीआर म्हणजे सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बायोमेट्रिक, गेट रजिस्टर, वर्क परमिटचं बुक आणि मेंटेनन्सचं लॉगबुक ताबडतोब जप्त करावं, एक प्रत पोलिसांना आणि एक कंपनीला. मग नंतर फुटेज 'उपलब्ध नाही' आलं तरी ते पत्र तुमच्या बाजूने बोलतं. सेफ्टी कमिटीची मिनिट्स, सेफ्टी ऑडिटचा रिपोर्ट, आधीच्या अपघातांची नोंद, फायर एनओसी, प्रदूषण मंडळाची संमती, हे सगळं तपास अधिकाऱ्याने मागवावं म्हणून यादी करून द्या. त्यांच्याकडे शंभर केसेस असतात, यादी तयार मिळाली तर काही जण खरंच मागवतात.

डायरेक्टर कोण आहेत ते घरी बसून सापडतं. कंपनी मंत्रालयाच्या एमसीए साइटवर कंपनीचं नाव टाका, डायरेक्टरांची यादी फुकट दिसते, शंभर रुपये भरले की वार्षिक रिटर्न, डायरेक्टर बदलल्याचे फॉर्म सगळं उघडता येतं. हे अपघाताच्या आठवड्यातच डाउनलोड करून ठेवा. अपघातानंतर राजीनामे पडतात आणि ते जुन्या तारखेचे दाखवले जातात हे मी पाहिलंय, त्यामुळे फॉर्म कधी फाइल झाला ती तारीख बघायची. मॅनेजिंग डायरेक्टर, होल-टाइम डायरेक्टर यांच्यावर लक्ष ठेवा. इंडिपेंडंट डायरेक्टर, म्हणजे रोजच्या कारभारात नसलेले बाहेरचे डायरेक्टर, यांच्या मागे ताकद घालवू नका, त्यांना माहिती असल्याशिवाय जबाबदार धरता येत नाही असं कंपनी कायद्यातच १४९(१२) मध्ये आहे.

आता डिशचा रस्ता, जो लोक विसरतात. प्रत्येक कारखान्याचा एक ऑक्युपायर असतो, सरकारी मराठीत भोगवटादार. आधी कंपन्या काय करायच्या तर एखाद्या पगारी मॅनेजरला ऑक्युपायर म्हणून दाखवायच्या, म्हणजे जेलमध्ये जायचं तर तो जाईल. १९९६ ला जे. के. इंडस्ट्रीजच्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे बंद केलं, कंपनी असेल तर ऑक्युपायर डायरेक्टरच असणार, आणि कंपनीने नाव दिलं नाही तर इन्स्पेक्टर कुठल्याही डायरेक्टरवर केस करू शकतो. नवीन कोडमध्येही तेच आहे, फक्त इंडिपेंडंट डायरेक्टर वगळलेत. इथे 'त्याला माहीत होतं का' हे आपल्याला सिद्ध करावं लागत नाही. जुन्या कायद्यात तर उलटं होतं, डायरेक्टरनेच सिद्ध करायचं की मी पूर्ण काळजी घेतली होती आणि खरा दोषी हा अमुक माणूस आहे, तो माणूसही त्यानेच कोर्टापुढे आणायचा. बहुतेक वेळा आणतात तो सुपरवायझरच, म्हणून सुपरवायझरशी भांडू नका, शक्य असेल तर त्याला विश्वासात घ्या, वरून काय आदेश होते हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

शिक्षा किती? कोडच्या कलम १०३ मध्ये कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातला निदान अर्धा भाग वारसांना द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं. ही अर्ध्याची गोष्ट सरकारी वकिलाला आठवण करून द्यावी लागते. फॅक्टरी ॲक्टमध्ये हाच दंड मृत्यूला किमान पंचवीस हजार होता, वरची मर्यादा एक लाख, एका माणसाला.

पण या रस्त्यावर दोन काटे आहेत. एक, केस तुम्ही थेट नाही टाकू शकत, तक्रार इन्स्पेक्टरमार्फतच कोर्टात जाते. दोन, मुदत. फॅक्टरी ॲक्टमध्ये इन्स्पेक्टरला गुन्हा कळल्यापासून तीनच महिने होते, ते गेले की संपलं. म्हणून पहिल्याच आठवड्यात डिशच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या की चौकशीत आमचा जबाब घ्यावा, ऑक्युपायरवर खटला दाखल करावा, आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन काय झालं विचारा. पोच नसलेला अर्ज म्हणजे अर्ज नाही.

सोबत आरटीआय टाका, लायसन्सच्या अर्जात ऑक्युपायर म्हणून कोणाचं नाव आहे, गेल्या पाच वर्षांत किती तपासण्या झाल्या, कुठल्या नोटिसा दिल्या, आधी किती अपघात कळवले. दहा रुपये, तीस दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द हा नियम आहे म्हणून दोन-तीन वेगळे अर्ज करा. 'तपास चालू आहे' म्हणून नाकारतात, तर अपघाताच्या आधीचेच कागद मागा, जुन्या नोटिशीने तपासात काय अडथळा येणार. आणि आधीची नोटीस सापडली ना, तर ती घेऊन थेट तपास अधिकाऱ्याकडे जा, कारण कंपनीला माहीत होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा नसतो. विशाखापट्टणमला मे २०२० ची एलजी पॉलिमर्सची गॅसगळती आठवा, तिथे मेलेले बहुतेक शेजारच्या वस्तीतले होते, पण सरकारी समितीचा अहवाल जुलैत आला आणि लगेच सीईओ, दोन डायरेक्टर धरून बारा जणांना अटक झाली. अहवालात काय लिहून येतं त्यावर असतं.

माणूस ठेकेदाराचा होता, आमच्या रोलवर नव्हता, हे उत्तर ऐकून घरी जाऊ नका. कारखान्याच्या आत काम करणारा ठेक्याचा माणूसही कायद्याने त्या कारखान्याचा कामगारच धरला जातो. आणि सेप्टिक टँक, गटार, कंपनीच्या मैलापाण्याच्या टाकीत उतरून कोणी गेला असेल तर २०१३ चा मैला सफाईबंदीचा कायदा आवर्जून लावायला सांगा, कारण त्यात 'कंपनीचे गुन्हे' असं वेगळं कलमच आहे, म्हणजे वर मी म्हटलं ते डायरेक्टरला थेट पकडणारं कलम, आणि ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने गटारातल्या मृत्यूला तीस लाख भरपाई ठरवलीय. पोलीस हा कायदा स्वतःहून लावताना मी क्वचितच पाहिलेत.

पैशाचं बोलू, कारण तिथेच बहुतेक केसेस संपतात आणि त्यात कुणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, घरात दोन लहान मुलं असतात. फक्त एवढं समजून घ्या की कायद्याची भरपाई हा हक्क आहे, कंपनीची मेहेरबानी नाही, आणि ती घेतल्याने गुन्हा मिटत नाही. तीस वर्षांचा माणूस, पगार पंधरा हजार किंवा जास्त, तर १९२३ च्या भरपाई कायद्याच्या (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सोशल सिक्युरिटी कोड आलाय) तक्त्याने निम्मा पगार गुणिले २०७.९८ म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. ईएसआय म्हणजे कामगार विमा लागू असेल तर याऐवजी तिकडून अवलंबितांना दरमहा पेन्शन, सरासरी पगाराच्या ९० टक्के, घरातल्या सगळ्यांत वाटून. मग पाकिटातले तीन-चार लाख किती ते तुम्हीच बघा. मृत्यूची भरपाई कामगार भरपाई कमिशनरकडे, नवीन कोडात सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करायची असते, थेट हातात दिलेली थोड्या आगाऊ रकमेपलीकडे भरपाई म्हणून धरतच नाहीत. तेव्हा पैसे घ्यायचे तर घ्या, पण 'तक्रार नाही', 'अपघात मृताच्या चुकीने झाला' असं काही लिहिलेल्या कागदावर सही नको, आणि कोऱ्या स्टॅम्प पेपरवर तर मुळीच नको.

पुढे एक दिवस कंपनीचा वकील नाहरकत प्रतिज्ञापत्र मागायला येईल, कारण डायरेक्टरने हायकोर्टात बीएनएसएसच्या कलम ५२८ खाली एफआयआर रद्द करायचा अर्ज टाकलेला असतो. त्या अर्जात आपलं म्हणणं मांडायला वकील उभा करा, पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकलं जायचा हक्क आहे हे जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा या २०२२ च्या निकालात आलंय. पोलिसांनी तपासाची प्रगती नव्वद दिवसांत तुम्हाला कळवायची असते, १९३(३), नाही कळवली तर तेच कलम लिहून पत्र द्या. दोषारोपपत्रातून डायरेक्टर गाळला असेल तर मॅजिस्ट्रेटकडे प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे पोलिसांच्या तपासावर हरकतीचा अर्ज, टाकायची. तेही हुकलं तर खटला सुरू झाल्यावर साक्षीत नाव आलं की ३५८ खाली कोर्ट त्याला आरोपी म्हणून बोलवू शकतं, त्यासाठीच तर साक्षीदाराचा गावचा पत्ता पहिल्या आठवड्यात लिहून ठेवायला सांगितलं. खालच्या कोर्टाने सोडून दिला तर वारसाला स्वतः अपील करता येतं, सरकार करेल म्हणून वाट बघावी लागत नाही, कलम ४१३. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने त्या केसला दिलेला वेगळा नंबर, घेऊन ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख मोबाइलवर दिसते, आणि तारखेला घरचं कुणीतरी एक जण जाऊन मागच्या बाकावर बसत जा.